पडद्याच्या मागून

३ सप्टेंबर

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. आता शेवटपर्यंत वाच. हे पत्र बाबांबद्दल नाही, कामाबद्दल आहे.

माझं काम काय ते तुला ठाऊक नसणार, कारण तू कधी विचारलेलं नाहीस. मी जुन्या थिएटरांचे फोटो काढते. बंद पडलेली, धान्याची गोदामं झालेली, अर्धी पाडून तशीच सोडलेली. पाडणारे येण्याआधी मी पोचते, भिंत न् भिंत टिपते, तिथे काम केलेल्या माणसांना शोधून त्यांच्या ट्रंकांतले जुने फोटो मागून आणते आणि ते सांगतील ते लिहून घेते. नवरा म्हणतो, तू थिएटरांची डॉक्टर नाहीस, पंचनामा करणारी आहेस. म्हणू दे. याचं पुस्तक निघणार आहे, प्रकाशकाचा धीर सुटला नाही तर.

आता पाळी आपल्या चौकातल्या थिएटरची आहे. थंडी संपली की पाडणार. मालकाच्या नातवाने चावी माझ्या हातात दिली आणि तिथून काढता पाय घेतला, आत आलाच नाही. लॉबीतली पोस्टरांची काचेची कपाटं अजून आहेत, आत पोस्टरांऐवजी वॉचमनची वाळत घातलेली बनियनं. बाल्कनीचा जिना शाबूत आहे. खालच्या खुर्च्या निम्म्याशिम्म्या उरल्यात. पडदा मात्र जागच्या जागी. पिवळा पडलाय, पण एवढा मोठा की त्याच्याकडे पाठ करून उभं राहवत नाही. मी दोनदा प्रयत्न केला.

वॉचमन गप्पिष्ट आहे. टॉर्च धरून सगळीकडे हिंडला माझ्याबरोबर, पण पडद्याच्या बाजूच्या पायऱ्या आल्या तशी गाडी थांबली.

"ताई, काय फोटो काढायचे ते इकडूनच काढा. मागे मी येणार नाही."

"का हो? साप आहेत?"

"साप असते तर आलो असतो. मागे तो आहे. आलो-आलो म्हणणारा."

मग त्याने सांगितलं. पडद्यामागे एक माणूस आहे. पिक्चरमधली बाई रडायला लागली की तिच्या रडण्यातून त्याचा आवाज यायचा. "आलो, आलो!" एवढंच. पुढच्या रांगांतल्या लोकांनी ऐकलेलं आहे. कोण म्हणतं, पडदा टांगताना पडून मेलेला सुतार. कोण म्हणतं, बायकोने टाकलेला कुणी. थिएटर बंद झालं तरी तो काही गेला नाही. तुझ्या वेळी ही भानगड होती का रे? मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर चार ओळी लिही, पुस्तकात घालीन.

एक गंमत सांगते. जुने फोटो गोळा करताना मोठी डोकेदुखी म्हणजे उलटे छापलेले फोटो. निगेटिव्ह मशीनमध्ये पालथी पडली की डावं उजवं होतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मी आधी शर्टाची बटणं बघते, मग मनगटावरचं घड्याळ. परवा इथल्या सगळ्या स्टाफचा एक ग्रुप फोटो मिळाला. सगळ्यांची घड्याळं उजव्या हातात! हसू आलं आणि बाबा आठवले. पिक्चर बघून आले की ते गोष्ट सांगायचे आणि त्यांचा प्रत्येक हिरो डावखुरा असायचा. "डाव्या हाताने अशी ठेवून दिली!" तू भांडायचास, पोस्टरवर तर उजव्या हातात पिस्तूल आहे म्हणून. आई म्हणायची, झोपतात तिथे जाऊन, दुसरं काय.

बघ, आले बाबा पत्रात. येणारच. सरळच सांगते. गेल्या वर्षापासून ते माझ्याकडे आहेत. हृदय थकलंय. सकाळी अगदी नेमके असतात, पेपर वाचतात, त्यातल्या छपाईच्या चुका काढतात. दुपारनंतर सटकतात, कुठल्या सालात जातात ते त्यांनाच माहीत. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचं असेल त्यांना कळवून ठेवा. ज्यांना म्हणजे तुला. दुसरं आहे कोण?

तुझी धाकटी

१९ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन दिसला की मी गॅलरीत जाते, हे तुला सांगायची काही गरज नव्हती.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुलाही माहीत आहे. तरी एकदा लिहून टाकते, नाहीतर आपण दोघंही जन्मभर त्याच्या भोवतीनेच चालत राहू. आईला श्वास लागला. शेजारच्या काकूंनी तुला पिटाळलं, पळ, बाबा थिएटरात असतील, घेऊन ये. तू पळत गेलास. ऑपरेटरने काचेवर अक्षरं काढून पडद्यावर पाटी लावली: "छापखान्यातले कंपॉझिटर, घरून बोलावणं आहे, बाहेर या." तेव्हा तशी पद्धतच होती. कुणाच्या घरी काही झालं की चालू पिक्चरवर पाटी यायची, आणि सगळं थिएटर मान वळवून बघायचं की कोण उठतंय. त्या दिवशी कुणी उठलं नाही. तू एकटाच परत आलास. मी आईच्या पायाशी बसले होते. आईने दाराकडे बघितलं, तुझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं. मग नाही बघितलं.

बाबा आले ते पिक्चर संपल्यावर. तू त्यांना एकच वाक्य बोललास. "पाटी लागली होती, तुम्ही उठला नाहीत." त्यांनी मान खाली घातली. तू मोठा झालास, निघून गेलास, लिफ्टची कामं करत देशोदेशी फिरलास. त्या मान खाली घालण्यालाच तू उत्तर समजलास. मीही समजले होते.

आता कामाचं. पडद्याचे फोटो काढले. जवळ गेल्यावर खाली एका कोपऱ्याकडे रफू दिसलं. साधारण वीतभर चिरलेलं, नंतर कुणीतरी हाताने बारीक टाके घालून शिवलेलं, वरून पांढरा रंग. लांबून कुणाला कळणार नाही. मग मी कडेनेच हात घालून पडद्यामागे एक दिवा लावून ठेवला, कापड किती विरलंय ते उजेडात कळावं म्हणून, आणि पुढे येऊन कॅमेऱ्यात बघितलं.

दादा, पडद्यावर माणूस बसलेला होता.

बसलेल्या माणसाची काळी सावली. खांदे, डोकं, सगळं. भर दुपार होती, बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. वॉचमनने बघितलं आणि तो सरळ गेटबाहेर जाऊन उभा राहिला. मीही पळणारच होते. पण एवढा महागाचा कॅमेरा स्टँडवर सोडून पळायला मन होईना, म्हणून गेले मागे.

पडदा आणि मागची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी खोली असते. तिथे भोंगे ठेवतात, म्हणजे आवाजाचे मोठे स्पीकर. भोंगे कधीच काढून नेलेत, लाकडी ठोकळे राहिलेत. एका ठोकळ्यावर दुसरा पडला होता, त्याचीच ती सावली. माझा जीव भांड्यात पडला. पण तिथेच, भिंतीला टेकवलेलं एक खोकं होतं. त्यावर गोणपाटाची चौघडी अंथरलेली. आणि खोक्याच्या वर भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल नेमकं तिथे, तेलाचा काळपट गोल डाग. एका दिवसात पडणारा नव्हे. वर्षानुवर्षं कुणीतरी तिथे डोकं टेकून बसलेलं आहे.

त्या डागाचा फोटो काढताना मला वाटलं, मी कुणाला तरी न विचारता त्याच्या खोलीत शिरले आहे. मी चक्क "सॉरी" म्हटलं. मोठ्याने.

तुझी धाकटी

६ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. बस.

आपल्या थिएटरचा ऑपरेटर अजून आहे. म्हातारा झालाय, पण गडी टुणटुणीत. पडद्यावर उजेड पडलेला एक फोटो मला हवा होता, म्हणून तो घरचं छोटं मशीन आणि मारामारीच्या कुठल्याशा पिक्चरचा तुकडा घेऊन आला. त्याने मशीन लावलं, आणि मी पडद्यामागे गेले. खोक्यावर बसले. का बसले ते विचारू नकोस. त्या डागाला डोकं मात्र टेकवलं नाही, तेवढी हिंमत नव्हती.

पिक्चर सुरू झाला. मागूनही दिसतो रे. जरासा धूसर, पण सगळा दिसतो. आवाज यावा म्हणून पडद्याला बारीक भोकं असतात, त्यांतून उजेड झिरपतो. हिरो आला. त्याने गुंडाला ठेवून दिली.

डाव्या हाताने.

मी बसल्या जागी ओरडले. ऑपरेटरला वाटलं, मला त्या आलो-आलोने धरलं. दादा, मागून सगळं उलटं दिसतं! बटणं, घड्याळं, पिस्तुलं. बाबा झोपत नव्हते. बाबा खोटंही सांगत नव्हते. बाबांनी सगळे पिक्चर तिथे बसून बघितले. डागाच्या त्या भिंतीला टेकून, भोंग्याच्या तोंडाशी. त्यांचा डावा कान इतक्या लवकर का गेला, याचाही तिथे बसल्यावर उलगडा झाला.

आणि का, तेही मला माहीत आहे. तुला आठवतं, आईने त्यांना शपथ घातली होती? कामावरून सुटले की हे थेट थिएटरात, आई आपल्या दोघांना घेऊन घरात एकटी. एकदा तुला ताप भरला होता आणि हे पिक्चरला, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ, पुन्हा त्या थेटरात खुर्चीवर बसलात तर." बसले नाहीत, बिचारे. खुर्चीवर कधीच बसले नाहीत. भोंगे बघणारे काका त्यांचे दोस्त, त्यांनीच मागच्या दाराने आत घेतलं असणार आणि खोकं दिलं असणार. अशी पळवाट आपले बाबाच काढू जाणोत. मला हसू येतं आणि लगेच रडू येतं.

आता पुढचं. मी ऑपरेटरला विचारलं, पाटी कशी लावायचात, दाखवा. त्याने काच काजळली, सुईने अक्षरं कोरली, मशीनपुढे धरली. मला मागून अक्षरं दिसली, पण वाचता येईनात. सगळी पालथी. मी अजून पहिल्याच शब्दाशी झगडत होते तोवर त्याने काच काढूनही घेतली. काय लिहिलं होतं विचारलं तर म्हणे, "ताई, चहा आलाय, बाहेर या."

हा तोच माणूस आहे, दादा. त्याला तू आठवतोस. "धापा टाकत केबिनपर्यंत आला होता पोरगा. पाटी मीच लावली. बराच वेळ ठेवली. कुणी आलं नाही बाहेर." असं म्हणाला.

कुणी येणार कसं? जो यायचा तो मागे होता. त्याला अक्षरं उलटी दिसत होती. त्यांना वाचताच आलं नसणार, दादा! इतकी वर्षं आपण ज्या माणसावर रागावून बसलो, त्याला ती हाक पोचलीच नव्हती.

तू ये. तिकीट काढ आणि ये. सकाळच्या वेळी ये, सकाळी ते नेमके असतात.

तुझी धाकटी

२१ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड आलं. एवढ्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, आणि ते आधी बघतच बसले, वाचलं नंतर.

"बाबा कंपॉझिटर होते. शिशाचे उलटे खिळे वाचून त्यांनी आपल्याला वाढवलं. त्यांना उलटी अक्षरं वाचता आली नाहीत असं तू मला सांगतेस? पुन्हा लिहू नकोस."

तोंडात मारल्यासारखं झालं. बरोबर आहे तुझं. छापखान्यात खिळे उलटेच जुळवतात, तेव्हा कागदावर सुलटे उमटतात. बाबांचं बोट त्या ओळींवरून मी वाचते त्याहून भराभर फिरायचं. हे मला माहीत होतं. मुलगी आहे मी त्यांची. पण मला इतकं हवं होतं रे, की त्यांची चूक नसावी. म्हणून जे समोर होतं तेच मी बघितलं नाही.

म्हणजे पाटी त्यांनी वाचली. मागे बसून, पहिल्या झटक्यात, थिएटरातल्या सगळ्यांच्या आधी. आणि उठले नाहीत.

तुला वाटतं तितकी मी भोळी नाही. तुझं कार्ड वाचल्यापासून मीही त्यांच्याशी धड बोललेले नाही. चहा ठेवते आणि वळते. ते पेपरातली चूक दाखवतात, मी "हं" म्हणते. काल दुपारी ते मला आईच्या नावाने हाक मारत होते, मी गेले नाही. दाराआड उभी राहून ऐकत राहिले. अशी मी कधी नव्हते.

थिएटरात गेले की आता मला भीती वाटते. आधी वाटायची तशी नाही. आधी वाटायचं, मागे कुणीतरी अनोळखी आहे. आता मागे कोण आहे ते मला माहीत आहे. तो माणूस घरी माझ्या गॅलरीत खुर्चीवर बसलेला असतो आणि तिथेही असतो. कॅमेरा लावला की पडदा हलल्यासारखा वाटतो. वारा असणार. परवा मी सामान आवरलं आणि काम अर्धं टाकून बाहेर आले. वॉचमन म्हणाला, "ऐकलंत ना?" मी म्हटलं, "नाही." पण दादा, मला ऐकू येईल म्हणूनच मी बाहेर आले होते. पिक्चर नाही, भोंगे नाहीत, तरी.

तिथून येताना रस्त्यात एकदम थबकले. "आलो." भूत असं कसं म्हणेल रे? कुणी बोलावल्याशिवाय कुणी आलो म्हणतं का?

उद्या सकाळी मी त्यांना विचारणार आहे. तू नको म्हटलंस तरी हे पत्र टाकते आहे, आणि जे काय ते म्हणतील तेही लिहीन. चांगलं असो वाईट असो. तुला फाडायचं तर फाड.

तुझी धाकटी

२३ ऑक्टोबर

दादा,

विचारलं. काल सकाळी, चहा झाल्यावर, गॅलरीत. मी काहीच सजवून लिहीत नाही, जसं झालं तसं लिहिते.

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही पडद्यामागे होतात ना?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "कुणी सांगितलं? भोंगेवाला तर कधीच गेला."

"खोकं अजून आहे तिथे."

"गोणपाट?"

"तेही आहे."

"हं," म्हणाले, आणि रस्त्याकडे बघत बसले. मला वाटलं संपलं. मग मीच म्हटलं, "पाटी वाचलीत?"

"वाचली की. उलटं मला सरळच दिसतं, पोरी. तुम्ही लोक वाचता ते मला अवघड जातं."

मी विचारलं, "मग?"

"मग उठलो. दाराला बाहेरून कडी. मालक फेरी मारायचा, म्हणून भोंगेवाला मला आत घालून बाहेरून कडी लावायचा आणि चहाला जायचा. पिक्चर संपला की काढायचा. रोजचंच होतं. मी दार बडवलं. आलो, आलो म्हणून ओरडलो. पिक्चरमध्ये त्या बाईचा मुलगा मेला होता, ती रडत होती, भोंगे नुसते फाटत होते. माझंच मला ऐकू येईना."

दादा, तो आवाज त्यांचा आहे. अख्खं गाव ज्याला घाबरतं, ज्याच्या भीतीने वॉचमन मागे येत नाही, ज्याच्या गोष्टी मी सात घरी जाऊन लिहून आणल्या, ते आपले बाबा आहेत. जिवंत. आईला ओ देत होते.

ते आपणहून पुढे म्हणाले, "खिशात टोचणी होती. चुकीचा खिळा उपसायची. ती पडद्यात खुपसली. कापड भलतं चिवट. एवढं फाटलं." त्यांनी हाताने वीत दाखवली. "तिथे डोळा लावला."

"काय दिसलं?"

"बाजूचं दार उघडं होतं. उजेडात थोरला उभा होता. एकेक खुर्ची बघत होता. हाक मारली त्याला. आहे तेवढा जोर काढून. त्याने वर बघितलं. सरळ माझ्याकडे. पण त्याला मी कुठला दिसणार? एवढं मोठं त्या बाईचं तोंड होतं मध्ये. जरा वेळ बघत राहिला आणि गेला."

खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिचाच काय तो आवाज. मी एक विचारलं, ते विचारायला नको होतं. पण तूही तेच विचारशील म्हणून विचारलं.

"टोचणी हातात होती. पुढे का नाही फाडलात?"

"हात थांबला." बाबा म्हणाले. "पोरगा गेला म्हणून थांबला, की पडदा आहे, कसा फाडायचा, म्हणून थांबला, तेच शोधतोय. सापडत नाही."

"दादाला का नाही सांगितलंत कधी?"

"काय सांगू? कडी होती म्हणून? तो म्हणाला असता, फाडायचा होता. खरंच होतं ना ते. मग कशाला तोंड उघडायचं?"

एवढंच झालं. नंतर त्यांनी पेपर उचलला, पण पान उलटलं नाही.

दादा, मी तुला त्यांना माफ कर म्हणत नाही. माझंच अजून ठरत नाही. त्यांनी शपथेला पळवाट काढली, लपून बसायची हौस होती म्हणून कडीआड गेले, आणि आई दाराकडे बघत गेली. हे सगळं तसंच राहतं. पण तू समजतोस तसं झालेलं नाही. ते पाटी वाचून पाय पसरून बसले नव्हते. तू वर बघितलंस तेव्हा तू त्यांच्याच डोळ्यांत बघत होतास, आणि ते तुला हाक मारत होते.

तुला ते बाईचं तोंड आठवतं का? मला वाटतं, आठवत असणार.

परवा रात्रीपासून पायांवर सूज आली आहे. डॉक्टर फारसं बोलत नाहीत. यापुढे मी तुला ये म्हणणार नाही.

तुझी धाकटी

१६ नोव्हेंबर

दादा,

पोचल्याचा फोन केलास, बरं वाटलं. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आणि तुलाही येत नाही, हा आपल्या घराण्याचाच गुण दिसतो. म्हणून लिहिते.

येतो म्हणून कळवलंस तेव्हा सकाळीच ये असं मी दहा वेळा बजावलं होतं, आणि साहेब उगवले ते दुपार टळल्यावर. गाडीला उशीर झाला तर तू तरी काय करणार? पण तू दारात दिसलास तेव्हा मी आधी घड्याळाकडे बघितलं ते त्यासाठीच. ही त्यांची सटकायची वेळ. ते ओळखणार नाहीत, तू आल्या पावली परत फिरशील, असंच मला वाटलं. तू चौकटीत उभा राहिलास, बॅग हातातच. किती केस पिकले रे तुझे! ते खुर्चीतून तुझ्याकडे बघत राहिले. मी "बाबा, दादा आलाय" म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांनी विचारलं, "आई कशी आहे?"

तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराला घट्ट धरून उभी होते, ते तुला दिसलं नसेल. वाटलं, आता हा खरं सांगणार. इतकी वर्षं जपून ठेवलेलं ते वाक्य आता काढणार. तुला तो हक्क होता.

तू बॅग खाली ठेवलीस. म्हणालास, "बरी आहे. तुमची वाट बघतेय. चला."

आणि ते उठले, दादा. दोन महिने जे खुर्चीतून पलंगापर्यंत माझ्या खांद्यावर यायचे, ते आपले आपण उठले. "चपला कुठे माझ्या?" तू खाली बसून त्यांच्या सुजलेल्या पायांत चपला घातल्यास, बोटं मुडपतील म्हणून एकेक बोट सरळ करून. मग तुम्ही दोघं जिन्यावरून खाली गेलात. मी गॅलरीतून बघितलं. कोपऱ्यापर्यंत गेलात, बराच वेळ उभे राहिलात, परत आलात. काय बोललात ते मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

तू दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालास, म्हणून पुढचं तुला कळायला हवं.

तू गेल्यावर ते जागे झाले. सकाळ होती. चष्मा मागितला, पेपर मागितला, पहिल्याच पानावर चूक काढली. अगदी नेमके. मला धास्ती वाटत होती, काल काय झालं ते यांना कळलं तरी असेल का. आठवत नसेल तर मी कुठून सुरुवात करू?

चहा ठेवला तसे म्हणाले, "थोरला गेला वाटतं?"

"हो, पहाटेच."

"त्याला अजून खोटं बोलता येत नाही गं. कान लाल होतात."

मी बशी खाली ठेवली. म्हटलं, "म्हणजे काल तुम्हाला कळलं होतं? आई नाहीये ते?"

"तो बोलला तेव्हा कळलं."

"मग उठलात कशाला? पाय एवढे सुजलेत, जिना उतरलात, चढलात..."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी काहीतरी भलतंच विचारत होते.

"अगं, बोलवायला आला होता ना तो."

तुझी धाकटी